सभापतींच्या पोटावरचा चटका

१

माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी पावाच्या भट्ट्या बांधल्या. सासऱ्यांनी गिरण्यांचे बॉयलर दुरुस्त केले. माझ्या यजमानांनी कोंबडीच्या पिल्लांसाठी ऊबपेट्या तयार केल्या आणि त्या दूरदूरच्या कुक्कुटशाळांत गेल्या. त्यानंतरचा माझा मुलगा. त्याने थंड हवेचं यंत्र लावलेल्या कचेरीत बसणं पसंत केलं, म्हणून त्याला मी या यादीत धरत नाही. त्याच्या मुलीने मात्र घराण्याचा धंदा पुन्हा हाती घेतला. फरक इतकाच की तिची ऊब सरडे, कासवं आणि साप यांच्यासाठी असते.

घरात सरडा दिसला की केरसुणी उचलायची, एवढंच माझं त्या विषयातलं शिक्षण. पण नातीने मला बसवून समजावलं की या प्राण्यांना अंगची ऊब नसते. बाहेरून मिळेल तेवढीच त्यांची. ती मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही, हालचाल थांबते आणि जनावर पोट भरलेलं असूनही खंगत जातं. हे ऐकल्यावर माझा विरोध संपला. दुसऱ्याच्या उबेवर जगणाऱ्यांची सोय करणं हेच आमच्या घराने आजवर केलं होतं.

त्या गुरुवारी सकाळी निवृत्त ग्रंथपालांचा फोन आला. तीनच दिवसांपूर्वी, सोमवारी, नातीने त्यांच्या घरी नवी पेटी बसवून दिली होती. त्यांच्या दाढीवाल्या सरड्याचं नाव सभापती. कारण कुणीही काही बोललं की तो गंभीरपणे मान डोलावतो आणि निर्णय कशाचाच देत नाही. त्या सभापतींच्या पोटावर नाण्याएवढे दोन भाजल्याचे डाग सापडले होते. जनावर दवाखान्यात होतं आणि जगेल की नाही हे कुणी सांगत नव्हतं.

नात धावत गेली आणि दुपारी परतली ती उतरलेल्या चेहऱ्याने. तिने पेटी चालू करून तासभर तपासली होती. उष्णता मोजणारा सेन्सर नेमलेल्या जागी, थर्मोस्टॅट चाळीस अंशांवर, बसायची फरशीही बरोबर चाळीस अंशांवर.

"सगळं बरोबर आहे, आजी. तेच तर वाईट आहे. चूक सापडली असती तर सुधारली असती."

याहून मोठं संकट पुढेच होतं. ज्या डॉक्टरीणबाई सभापतींवर उपचार करत होत्या, त्यांनीच आपल्या प्राण्यांच्या दवाखान्यासाठी नातीकडे बारा पेट्या सांगितल्या होत्या. आता त्यांनी स्पष्ट कळवलं की सोमवारपर्यंत कारण समजलं नाही तर पेट्या नकोत. कारण न कळलेल्या उबेखाली त्या आजारी जनावर ठेवणार नाहीत. मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि म्हणूनच ते अधिक लागलं. नातीने हत्यारांची पिशवी कोपऱ्यात टाकली आणि हा धंदा आपण बंद करत असल्याचं जाहीर केलं.

मी म्हटलं, "बंद करायचा तर कारण कळल्यावर कर. चप्पल घाल."

२

ग्रंथपालांच्या घरात प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी डकवलेली होती. कपाटावर 'जुनी पत्रे', बरणीवर 'उघडल्यास बंद करावी', बाहेरच्या खोलीच्या दिव्यावर 'वाचकाव्यतिरिक्त कुणी लावू नये'. गृहस्थ सज्जन, पण बोलण्याऐवजी सूचना लावणारे. त्यांचा मुलगा परगावी नोकरीला. घरात ते, सून आणि सभापती. पेटीवरही त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती: 'या पेटीची जबाबदारी सूनबाईंची'.

पेटी चार फूट लांब, लाकडी, पुढून काचेची. डाव्या टोकाला काळी फरशी, तिच्यावर दिवा, तिच्याखाली तापणारं पॅड. उजवं टोक गार. तिथे पाण्याचं भांडं आणि लपायला पोकळ ओंडका. दाराच्या आतल्या बाजूला कोणती वस्तू कुठे असावी याचं नातीने काढलेलं चित्र चिकटवलेलं होतं.

मी विचारलं की उजवीकडे ऊब का नाही. आमच्या कारखान्याचा नियमच असा, की ऊब मोजायची ती पेटीतल्या सर्वांत थंड कोपऱ्यात. तिथे पुरेशी असेल तर सगळीकडे पुरेशी.

"पिल्लांसाठी बरोबर आहे ते," नात म्हणाली. "पिल्लांना सगळीकडे सारखी ऊब लागते. याला एक टोक गरम आणि एक गार लागतं. तापला की हा स्वतः उठून गार टोकाला जातो, गारठला की परत येतो. म्हणून मोजायचं ते गरम फरशीवर."

"मग फरशी तापली तेव्हा उठून गेला का नाही?"

"पाठीवर पडलेलं ऊन यांना कळतं. पोटाखालची आग नीट कळत नाही. झोपेत तर नाहीच."

सोमवारपासून काय घडलं, हे ग्रंथपालांनी तारीखवार सांगितलं. सोमवारी नात आणि आमचे मिस्त्री पेटी घेऊन आले. नातीने आतल्या खोलीत बसून ग्रंथपालांना सगळं समजावलं, तोवर मिस्त्रींनी अडकणारं दार रंधा मारून सरळ केलं. मंगळवारी सभापतींचे खाण्याचे किडे घेऊन प्राण्यांचा दुकानदार आला. बुधवारी कुणी नाही. गुरुवारी सकाळी सुनेने पेटी पुसायला सरडा उचलला आणि डाग दिसले. स्वतः ग्रंथपालांनी पेटीला बोटही लावलं नव्हतं. जबाबदारी त्यांची नव्हती, हे चिठ्ठीवरून उघड होतं.

मी चष्मा पुसून पेटीत वाकले. सेन्सरची तार फरशीच्या कडेला होती खरी, पण ती जखमेवर लावतात तसल्या चिकटपट्टीने बसवलेली होती. नातीला विचारलं. तिने स्वतः प्लॅस्टिकची चाप लावली होती. सकाळी पट्टी पाहून तिला वाटलं, चाप निसटली असेल आणि घरच्यांनी पट्टी लावली असेल. ग्रंथपालांना काहीच ठाऊक नव्हतं.

मग मी उजव्या टोकाकडे पाहिलं. अगदी मागच्या कोपऱ्यात, जमिनीपासून चार बोटांवर, एक बारीक बिनडोक्याचा खिळा होता आणि त्याला मेण लावलेल्या दोऱ्याचा कापलेला फास. दोन वेढे आणि एक गाठ. मी तो नखाने सोडवला आणि बटव्यात टाकला.

तो ओळखायला मला वेळ लागला नाही. ओळखलेलं तोंडाबाहेर काढायला लागला.

३

दुकानदाराला मी त्याच्या दुकानात गाठलं. माणूस तोंडाळ, आणि त्याला हेतूही होता: परदेशी बनावटीचे तापणारे दगड तो विकत असे, आणि नातीच्या पेट्यांना गावभर 'घरगुती लोणच्याची बरणी' म्हणत असे. पेटीला हात लावलास का, असं मी सरळ विचारलं.

"मावशी, मी फुकट कशालाच हात लावत नाही," तो म्हणाला. "आणि त्या सूनबाई किड्यांना घाबरून दारातच उभ्या होत्या. विचारा त्यांना, मी डबा ठेवला आणि निघालो."

मी त्याची मावशी नसल्याचं त्याला सांगितलं आणि पेटीत काय दिसलं ते विचारलं. त्याने जे सांगितलं ते त्याच्या मते टवाळी होती. आकडा एकतीसवर अडकलेला. लाल दिवा सतत चालू, क्षणभरही विझत नव्हता. असलं मरतुकडं यंत्र चाळीसला कधी पोचणार, म्हणून त्याने तिथल्या तिथे आपला दगड सुचवला होता.

रस्त्यावर येताच नात थांबली. फरशी तापली की लाल दिवा विझतो, निवली की लागतो. दर काही मिनिटांनी हे व्हायलाच हवं. तिने तपासलं तेव्हा तसंच होत होतं. मंगळवारी होत नव्हतं.

"म्हणजे मंगळवारी सेन्सर फरशीवर नव्हताच," ती हळूच म्हणाली. "तो गार टोकाला होता. तिथे चाळीस कधीच होणार नाही. यंत्र बिचारं रात्रंदिवस तापवत राहिलं."

"आणि गुरुवारी तू पोचण्याआधी तो जागेवर आला. दोन हात आहेत यात. एकाने दोऱ्याने नीट बांधला. दुसऱ्याने घाईने पट्टी लावली. बांधणारा कारागीर आहे. पट्टी लावणारा भ्यालेला आहे."

भ्यालेल्याकडे आधी जावं, तो लवकर सुटतो. मी नातीला ग्रंथपालांशी गप्पा मारायला बसवलं आणि स्वयंपाकघरात गेले. सून भांडी विसळत होती. मी पेटीचं नाव काढलं नाही. पाण्याचं भांडं किती वेळा भरावं लागायचं, एवढंच विचारलं. ती म्हणाली, जुन्या पेटीत दिवसातून एकदा; या पेटीत तीनदा. दुपारपर्यंत कोरडं पडायचं. सभापती दिवसभर गार काचेला चिकटून, तोंड उघडं टाकून बसायचे.

"मग सासऱ्यांना सांगितलं नाहीस?"

"आकडा एकतीस दिसत होता. मला वाटलं, मलाच कळत नाहीये." तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "आजी, मी ती तार हलवली नाही. मी फक्त परत ठेवली."

पुढचं सगळं तिने एका दमात सांगितलं. सरडा उचलल्यावर तिने पेटीतलं चित्र पाहिलं, तार पाहिली, दोन्ही जुळेनात. तिने कात्रीने दोरा कापला, तार चित्राप्रमाणे फरशीला लावली आणि मग तिच्या लक्षात आलं की सारं आता तिच्यावर येणार. पेटीवर नावच तिचं होतं. तार हलली होती असं सांगितलं असतं, तर ती कुणी हलवली हा प्रश्न आला असता, आणि पेटी रोज उघडणारी तीच.

नवी सून असताना गप्प बसण्याची किंमत किती होते, हे तिला त्या क्षणी माझ्याइतकं चांगलं कुणी सांगू शकलं नसतं. मी सांगितलं नाही. हात पूस, एवढंच म्हटलं, आणि सोमवारी दवाखान्यात ये.

"तो दोरा कुणाचा होता?" तिने विचारलं.

बटवा माझ्या कमरेला होता. मला तो दिवसभर जड लागत होता.

४

आमच्या कारखान्यात आता तीनच टेबलं उरली आहेत. मधल्या टेबलावर मिस्त्री बसतात. वय त्र्याहत्तर, तारा बांधायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरत नाहीत, स्वतः मेण चोळलेला दोरा वापरतात. दोन वेढे, एक गाठ. त्यांच्या डोक्यावर यजमानांच्या हातची पाटी आहे: 'मोजायचं ते थंड कोपऱ्यात.'

सभापतींची हकिगत त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. नातीने लाजेपायी कारखान्यात एक अक्षर काढलं नव्हतं. मी शनिवारी सकाळी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले, तेव्हा ते उठू लागले. मी त्यांना बसायला सांगितलं आणि दोऱ्याचा फास टेबलावर ठेवला.

त्यांनी तो उचलून उजेडात धरला. "कुणी कापला हा? चांगला बांधला होता मी."

"सोमवारी?"

"हो. पोरीने तार गरम जागी लावली होती, वहिनी. लहान आहे, होतं. ती आत बोलत होती, मी दार रंधत होतो. तिला चारचौघांत टोकायला नको, म्हणून मुकाट्याने थंड कोपऱ्यात बांधून ठेवली." त्यांनी मान वर करून पाटीकडे पाहिलं. "थंड कोपरा सोडून मोजलं की काय होतं, ते मी भोगलंय."

यात कपट शोधणाऱ्याने खुशाल शोधावं. एका म्हाताऱ्या कारागिराने मालकाच्या नातीची अब्रू झाकण्यासाठी, मालकाच्याच नियमाने, तिची चूक 'सुधारली' होती. पिल्लांच्या पेटीत जो नियम जीव वाचवतो, तोच सरड्याच्या पेटीत जीव घेतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी सांगितलं. सभापतींचे डाग, दवाखाना, बारा पेट्या, सगळं. त्यांनी फास परत टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "म्हणजे पुन्हा मीच."

"पुन्हा नाही, मिस्त्री," मी म्हटलं. "तेव्हाही तुम्ही नव्हता."

नात दारात उभी होती. ती आत आली.

५

चोपन्न वर्षांपूर्वी एका कुक्कुटशाळेची सहाशे पिल्लं आमच्या नव्या पेटीत चाचणीसाठी ठेवली होती. यजमान परगावी होते. तासातासाला तापमापी पाहून भट्टीची झडप कमीजास्त करायची, हे काम सासऱ्यांनी माझ्यावर सोपवलं. तापमापी मागच्या कोपऱ्यात, खाली टांगलेली. मला सातवा महिना होता, वाकवत नव्हतं. मी ती काढून भट्टीच्या बाजूला, डोळ्यांसमोर टांगली. आकडा चांगला दिसायचा. मी झडप कमी करत गेले.

सकाळी मागच्या कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढून गारठून मेलेली होती. चारशेच्या वर.

सासऱ्यांनी विचारलं, तापमापी तिथे कुणी टांगली. मी तोंड उघडण्याआधी एकोणीस वर्षांचा मिस्त्री म्हणाला, मी. मी तोंड उघडलंच नाही. त्याला त्याच दिवशी काढलं. दोन वर्षं त्याने लाकडाच्या वखारीत ओझी वाहिली. मग यजमानांनी त्याला परत आणलं आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून ती पाटी लिहिली. सगळ्यांना वाटलं, ती त्याच्यासाठी आहे. यजमान गेले तोवर मी त्यांनाही खरं सांगितलं नाही.

मी तेव्हा बोलले असते, तर तो नियम पिल्लांच्या पेटीपुरता राहिला असता. न बोलल्यामुळे तो एका माणसाच्या मानेवर बसला, आणि त्या माणसाने तो जन्मभर पाळला; नको तिथेही.

मिस्त्रींनी एकच वाक्य म्हटलं: "वहिनी, तुम्हाला वाकता येत नव्हतं हे मला दिसत होतं. मला वाकता येत होतं."

सोमवारी दवाखान्यात मी सगळं डॉक्टरीणबाईंसमोर क्रमाने मांडलं: थंड कोपऱ्यातला खिळा, एकतीसचा आकडा, न विझणारा दिवा, कोरडं पडणारं भांडं, कापलेला दोरा, चिकटपट्टी. मिस्त्री उठून दोष घेऊ लागले. मी त्यांना खाली बसवलं आणि नियम कुणाच्या चुकीतून आला तेही सांगितलं. ग्रंथपाल सुनेकडे वळले, तेव्हा मी त्यांना बोलूच दिलं नाही.

"तिने चित्र वाचून तार परत ठेवली," मी म्हटलं. "आणखी दोन दिवस तार थंड कोपऱ्यातच राहती, तर आज आपण इथे कशाला आलो असतो? तुमच्या घरात एवढ्या चिठ्ठ्या आहेत. त्यांतली एक तरी 'घाबरू नये, येऊन सांगावे' अशी लावा."

ग्रंथपाल सुनेला म्हणाले की घरी गेल्यावर पेटीवरची चिठ्ठी काढून टाक. ती म्हणाली, तुम्हीच काढा. त्यांनी मान डोलावली.

डॉक्टरीणबाईंनी नातीलाही सोडलं नाही. जी तार कुणीही सहज हलवू शकतो, ती बनवणाऱ्याने हलू शकेल अशी ठेवलीच का, असं त्यांनी विचारलं. नातीने उत्तर तयार ठेवलं होतं: सेन्सर फरशीलाच स्क्रूने आवळायचा, आणि फरशी पंचेचाळीसच्या वर गेली की सगळं बंद पाडणारा दुसरा थर्मोस्टॅट लावायचा. बाईंनी बाराऐवजी आधी चार पेट्या मागितल्या. चार चांगल्या चालल्या तर उरलेल्या आठ. हा निर्णय योग्य होता आणि मी तसं बोलून दाखवलं.

सभापतींचं मलम बदलून झालं होतं. त्यांनी सकाळी एक किडा खाल्ला होता. सगळ्यांची भाषणं त्यांनी ऐकून घेतली.

६

कारखान्यातली पाटी आता नातीने उतरवली आहे आणि तिथे नवी लावली आहे. तिच्यावर कोणत्या प्राण्यासाठी कुठे मोजायचं याचा तक्ता आहे आणि मिस्त्रींनी तो तीनदा तपासला आहे. पण माझं काम तेवढ्यावर संपत नव्हतं.

मिस्त्रींना आई लहानपणी अंतरली; थोरल्या बहिणीने त्यांना वाढवलं. सासऱ्यांच्या पाया पडून तिनेच त्यांना आमच्याकडे कामाला लावलं होतं. त्यांना काढल्यावर तिने मान खाली घालून वस्तीत दिवस काढले, आणि चोपन्न वर्षांत भाऊ भेटायला गेला की पिल्लांचा उल्लेख झाल्याशिवाय त्याला चहा मिळाला नाही. हे मला नातीकडून कळलं. मिस्त्रींनी स्वतः कधीच सांगितलं नसतं.

त्या आक्का तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. मी मिस्त्रींना बरोबर घेतलं आणि हात धरायला आलेल्या नातीला खालीच थांबवलं. हे जिने मला माझेच चढायचे होते. दार उघडं होतं. आक्का खिडकीपाशी शेंगा सोलत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं की ती तापमापी मी हलवली होती, तुमच्या भावाने नाही.

त्यांनी कानाला हात लावला. "ऐकू आलं नाही. जरा मोठ्याने."

मी मोठ्याने सांगितलं. शेजारचं दार उघडलं.

"अजून मोठ्याने बाई. कान गेलेत माझे."

तिसऱ्यांदा मी अशा आवाजात सांगितलं की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. चारशे पिल्लं माझ्या हातून मेली. दोष यांनी घेतला. चोपन्न वर्षं मी गप्प बसले. यांची चूक नव्हती. कठड्याला धरून सात-आठ जणं उभी होती. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभे होते.

आक्कांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, भावाला हाताने जवळ बोलावलं आणि आपल्या शेजारी बसवलं.

"पहिल्यांदाच ऐकू आलं होतं," त्या मला हळूच म्हणाल्या. "पण वस्तीला ऐकू जायला हवं होतं. बसा आता. चहा टाकते. तिघांचा."